फ्रीजर गार, खाली दूध नासतंय – खरंच गॅस गेलाय का?

भरलं_वांगं | १२ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमच्याकडे २०१४ चा डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रीज आहे, अडीचशे लिटरच्या आसपासचा. गेल्या आठवड्यापासून खालचा कप्पा नावालाच उरलाय. सकाळी तापवून ठेवलेलं दूध संध्याकाळी फाटतं, कोथिंबीर दुसऱ्या दिवशी पिवळी, आणि बाटलीतल्या पाण्यापेक्षा माठातलं गार लागतं. गंमत म्हणजे वर फ्रीजरमध्ये बर्फ होतोय. पूर्वीपेक्षा वेळ लागतो, पण होतो.

कॉम्प्रेसर बंद म्हणून होत नाही. रात्री कधीही उठा, गुरगुर चालूच. मागची जाळी झाडून घेतली, नॉब सातवर नेला, फरक शून्य.

काल मेकॅनिक येऊन गेला. मागे हात लावला, दार उघडून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, गॅस गेला. बत्तीसशे लागतील, आजच भरून देतो." आमच्या ह्यांनी 'उद्या कळवतो' म्हणून वाटेला लावलं. अकोल्यात सध्या पारा चव्वेचाळीसच्या वर आहे, पेटीभर आंब्याचा रस काढून ठेवलाय, आणि मुख्य म्हणजे सासूबाईंचं इन्सुलिन फ्रीजच्या दारात असतं. ते तूर्त शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवलंय. गॅस भरावा का? की सरळ नवाच घ्यावा? काय करावं बाप्पा, काही सुचत नाही.

चहाबाज | १२ मे, रात्री ९:५२

दहा वर्षं वापरलात, पैसे वसूल झाले. एक्स्चेंजमध्ये देऊन टाका आणि इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाला आणा. वीजबिलही कमी येईल. जुन्यात पैसे ओतू नका.

शंकासुर | १२ मे, रात्री १०:१५

चहाबाज, तुम्ही प्रत्येक धाग्यावर नवीन वस्तू घ्यायलाच सांगता. मिक्सरच्या धाग्यावरही हेच होतं. (हलकेच घ्या.)

भरलं_वांगं, एक साधा प्रश्न. गॅस गेला तर वर बर्फ कसा होतोय? फ्रॉस्ट फ्रीमध्ये गार करणारी कॉइल एकच असते, फ्रीजरच्या मागच्या भिंतीत लपलेली. पंखा त्या कॉइलवरची गार हवा थोडी वर सोडतो आणि थोडी डक्टमधून खाली ढकलतो. वर गार आणि खाली गरम म्हणजे थंडी तयार होतेय, पण खाली पोचत नाहीये. माझा संशय पंख्यावर. पंखा जळाला असेल.

भरलं_वांगं | १२ मे, रात्री १०:३१

पंख्याचा आवाज येतो, पण विचित्र. मधूनच खरखर होते, पत्र्याला काहीतरी घासल्यासारखी. मग थांबते.

टेस्टलॅम्प | १३ मे, सकाळी ७:०५

नमस्कार. आयुष्यभर हाच धंदा केला, आता दुकान मुलगा बघतो. त्यामुळे जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

ताई, ती खरखर म्हणजे पंख्याचं पातं बर्फाला घासतंय. पैजेवर सांगतो. तुमचा गॅस शाबूत असणार.

आधी गॅसचं बोलू. फ्रीजमधला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कॉम्प्रेसर दाबतो, मागच्या नाहीतर बाजूच्या नळ्यांत उष्णता टाकून त्याचं द्रव होतं, बारीक कॅपिलरीतून सुटला की कॉइलमध्ये उकळतो आणि तिथली उष्णता ओढून घेतो. सांध्याला किंवा नळीला भोक पडल्याशिवाय तो कुठे जात नाही. 'दर दोन-तीन वर्षांनी गॅस भरायला लागतो' असं कोणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आता बर्फाचं. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते आणि तिची वाफ त्या लपलेल्या कॉइलवर गोठते. रोज थोडी थोडी. ती वितळवायला कॉइलखाली एक हीटर असतो. २०१४ च्या पुष्कळ मॉडेलना टायमर असतो. कॉम्प्रेसर सहा ते बारा तास चालला की टायमर त्याला थांबवतो आणि वीस-तीस मिनिटं हीटर लावतो. पाणी खालच्या भोकातून मागच्या ट्रेमध्ये उतरतं. कॉइल पुरेशी तापली की बायमेटल, म्हणजे तापमानावर चालणारा छोटा स्विच, हीटर तोडतो. टायमर, हीटर, बायमेटल आणि सोबतचा थर्मल फ्यूज, या चौघांपैकी एकानेही दगा दिला की बर्फ वितळायचा थांबतो. मग आठ-दहा दिवसांत कॉइलचे पत्रे बर्फाने बुजतात, हवा जायला वाट राहत नाही, खालचा कप्पा तापतो आणि खालच्या हवेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटला वाटतं अजून गार झालंच नाही, म्हणून कॉम्प्रेसर अखंड पळतो. तुमची सगळी लक्षणं हीच आहेत.

खात्री करायला एक पैसाही लागत नाही. प्लग काढा, सामान रिकामं करा, दोन्ही दारं उघडी टाकून चोवीस तास तसंच राहू द्या. खाली जुन्या चादरी पसरा आणि मागचा ट्रे अधूनमधून रिकामा करा, पाणी भरपूर येईल. मग फ्रीज लावा. दुसऱ्या दिवशी पहिल्यासारखा गार झाला आणि आठवडाभर तसाच चालून पुन्हा ढेपाळला, तर गॅस ठणठणीत आहे आणि डिफ्रॉस्टचा बिघाड आहे. गॅस गेलेला फ्रीज बर्फ वितळवून सुधारत नाही.

सुरी, स्क्रू ड्रायव्हर, सांडशी काहीही बर्फात खुपसू नका. ॲल्युमिनियमची नळी आहे, एक टोचा पुरे, मग मात्र गॅस खरोखरच जाईल.

शंकासुर | १३ मे, सकाळी ८:२०

काका, पटलं. पण एक हरकत आहे. रबर खराब असेल किंवा दार नीट लागत नसेल तरी कॉइलवर बर्फ चढतोच. मग नुसता बर्फ पाहून हीटरवर खापर कसं फोडायचं?

टेस्टलॅम्प | १३ मे, सकाळी ८:५५

हरकत बरोबर आहे. म्हणून आधी रबर बघायचं. दहा रुपयांची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. अडकून आली पाहिजे. चारही बाजूंनी, विशेषतः बिजागरीकडे आणि खालच्या कोपऱ्यांत बघा. नोट सुळकन निघाली तर तिथून हवा जातेय. रबर वाकडं झालं असेल तर कोमट पाण्याचा फडका फिरवून, हाताने ओढून बसवता येतं. चिरलं असेल तर बदलायचं.

बर्फ कसा बसलाय हेही बोलतं. कॉइलवर सगळीकडे सारखा जाड बर्फ असेल तर डिफ्रॉस्ट बिघडलंय. गॅस जिथून कॉइलमध्ये शिरतो तेवढ्याच कोपऱ्यात पांढरं आणि बाकी कॉइल कोरडी असेल तर गॅस कमी आहे. बर्फाचा पत्ताच नाही आणि कॉम्प्रेसर हात लावू देत नाही इतका तापलाय, तर गॅस पूर्ण गेलाय, कॅपिलरी चोक आहे, नाहीतर कॉम्प्रेसरच दमलाय. हे बघायला फ्रीजरचं मागचं पॅनल काढावं लागतं. तुमच्याकडे आलेल्या गृहस्थांनी ते काढलं होतं का?

भरलं_वांगं | १३ मे, सकाळी ९:१०

छे हो! स्क्रू ड्रायव्हर पिशवीतून बाहेरसुद्धा काढला नाही.

खान्देशी_तडका | १३ मे, दुपारी १:३०

राम राम भो. मी यावल तालुक्यातला. आमच्याकडे वेगळंच. सिंगल डोअर फ्रीज आहे, लाइट लागतो, पण कॉम्प्रेसर हूं करतो, टक् वाजतो आणि गप्प. पाच मिनिटांनी पुन्हा हूं, टक्. दुपारी शेतीपंप चालू झाले की हे होतं, रात्री उशिरा सुरळीत चालतो. केळीच्या बागांना पाणी सोडायची वेळ झाली की व्होल्टेज १६०-१७० वर येतं, मीटर लावून पाहिलं. हाही गॅसच का?

टेस्टलॅम्प | १३ मे, दुपारी २:१५

तडकाशेठ, उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. कमी व्होल्टेजला कॉम्प्रेसर उठू शकत नाही, जादा करंट ओढतो, तापतो आणि त्याच्या बुडाशी असलेला ओव्हरलोड टक् करून लाइन तोडतो. गार झाला की पुन्हा जोडतो. असं रोज होत राहिलं तर एखाद्या दिवशी वाइंडिंग जळेल. चांगला स्टॅबिलायझर घ्या. घेताना इनपुट किती व्होल्टपासून चालतो ते बघा, कारण स्वस्तातले १७० च्या खाली हात वर करतात. शिवाय त्याला तीन-चार मिनिटांचा डिले हवा. लाइट जाऊन लगेच आली की आतला दाब दोन्हीकडे सारखा झालेला नसतो आणि कॉम्प्रेसर अडखळतो.

स्टॅबिलायझर लावूनही टक्-टक् राहिली तर रिले, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू करून देणारा स्विच, बदला. उपटून हलवला आणि आत खुळखुळलं तर फुटलाय. किरकोळ खर्च आहे. आणि हो, रिलेच्या डबीत मुंग्या, पाली जाऊन बसतात. ऊब असते तिथे.

चहाबाज | १३ मे, दुपारी २:४०

पालीवरून आठवलं. आमच्या सोसायटीत एकाचा इन्व्हर्टर फ्रीज बंद पडला. कार्ड, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट, गेलं म्हणून काही हजारांचं एस्टिमेट. मागचं झाकण काढलं तर कार्डावर पाल चिकटून वाळलेली. पाल गेली ती गेलीच, कार्डही घेऊन गेली.

जाता जाता, नवा फ्रीज आणल्यावर लाइट लागतो, आकडे दिसतात, पण गार काही होत नाही असं झालं तर आधी तो डेमो मोडवर नाही ना हे बघा. शोरूममध्ये कॉम्प्रेसर न चालवता नुसता दिवा लावून ठेवायची सोय काही मॉडेलमध्ये असते. पुस्तिकेत दोन बटणं एकत्र दाबून काढायची कृती दिलेली असते.

मीठभाकर | १३ मे, दुपारी ४:०५

फ्रीजबद्दल जाणकार बोलताहेत. मी फार्मासिस्ट आहे, इन्सुलिनबद्दल बोलते, कारण ते दुधासारखं नासलेलं दिसत नाही.

न उघडलेली कुपी किंवा पेन २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरात असलेलं बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे बाहेर चालतं, पण 'बाहेर' म्हणजे २५-३० अंशांपर्यंतच्या खोलीत, अकोल्याच्या मे महिन्यात नव्हे. प्रत्येक प्रकाराची मर्यादा वेगळी असते, पाकिटातला कागद वाचा. गोठलेलं इन्सुलिन वितळवून वापरू नका, टाकून द्या. म्हणून शेजारच्या काकूंना सांगा, फ्रीजरमध्ये किंवा मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. दारातही नको. दार सारखं उघडतं, तिथलं तापमान सगळ्यात जास्त वरखाली होतं. मधल्या कप्प्यात, डबीत घालून ठेवावं.

कुठेच सोय नसेल तर वापरातली कुपी कोरड्या डबीत घालून मातीच्या मडक्यात ठेवा आणि मडकं ओल्या फडक्याने गुंडाळा. विदर्भातल्या कोरड्या हवेत हे छान चालतं. कोकणात नाही चालणार, तिथे पाणी उडतच नाही. आठवडाभर बिघडलेल्या फ्रीजमध्ये राहिलेल्या कुपीबद्दल मात्र डॉक्टरांना विचारा. साखर कारण नसताना वाढलेली दिसली तर लगेच.

बाकी शिजवलेलं अन्न, दूध, कापलेली फळं: एवढ्या उन्हाळ्यात तासाभराच्या वर बाहेर राहिलेलं पुन्हा फ्रीजमध्ये ढकलण्यात अर्थ नाही.

भरलं_वांगं | १३ मे, संध्याकाळी ६:२०

मीठभाकर, फार फार आभार. हे कोणी सांगितलंच नव्हतं. आत्ताच काकूंकडे जाऊन जागा बदलून आले. डॉक्टरांनी जुनी कुपी टाकून नवी घ्यायला सांगितली.

रस काकूंच्या डीप फ्रीजरमध्ये गेला. उद्या सकाळी प्लग काढतोय.

समुद्रकिनारा | १३ मे, रात्री ८:४५

वाचतोय. रत्नागिरीत आमच्याकडे सिंगल डोअर आहे, त्याचीही कथा सांगायची आहे. पण आधी वांगेताईंचं मार्गी लागू दे, विषय भरकटून धाग्याचं काश्मीर नको.

भरलं_वांगं | १५ मे, दुपारी १२:१०

काका, दंडवत घ्या!

चोवीस तास थांबायचं ठरलं होतं, पण भाचा सुट्टीला आलाय, डिप्लोमावाला, त्याला दम निघेना. काल सकाळी प्लग काढून त्याने पॅनलच काढायला घेतलं. दोन स्क्रू प्लॅस्टिकच्या टिकल्यांखाली लपलेले होते. पॅनल खालून सुटेना, बर्फात रुतलं होतं. तुमचं वाचलेलं असल्यामुळे ओढाताण करू दिली नाही. टेबल फॅन समोर लावून दोन तास थांबलो, मग अलगद आलं.

आत कॉइल अशी दिसलीच नाही. वरपासून खालपर्यंत पांढराशुभ्र ठोकळा. पत्रे नाहीत, नळी नाही, काही नाही. फक्त पंख्यासमोर वाटीएवढी पोकळी, आणि पात्याच्या कडेने बर्फावर गोल चर पडलेला, रेकॉर्डवर असतो तसा. तीच खरखर!

फोटो काढून ठेवलाय. आज सकाळी सगळा बर्फ उतरला, दोन बादल्या पाणी निघालं. कोरडं पुसून लावलाय. आता पुढे काय? पार्ट आणून भाचाच बसवू म्हणतोय.

टेस्टलॅम्प | १५ मे, दुपारी १:००

शाब्बास. भाच्याला सांगा, बघायला हरकत नाही, पण हीटरला २३० व्होल्ट येतात आणि शेजारी पाणी असतं. बसवायला माणूस बोलवा. काय तपासायचं ते मात्र तुम्हाला माहीत असू दे, म्हणजे कोणी चौघेही पार्ट एकदम बदलून बिल लावणार नाही.

टायमर: फ्रीज तीन-चार तास चालून कॉइल गार झाली की टायमरचा खाचेचा स्क्रू हळूहळू फिरवायचा. टक् वाजून कॉम्प्रेसर थांबला पाहिजे. ठीक असेल तर पाच मिनिटांत हीटर तापून त्यावर बर्फाचं पाणी पडल्याचा चर्र आवाज येतो. कॉम्प्रेसर थांबला पण चर्र नाही, म्हणजे दोष हीटर, बायमेटल किंवा फ्यूजकडे. आणि हाताने फिरवून सगळं नीट होतं, पण आपणहून कधीच होत नाही, तर टायमरची मोटर गेली.

हीटर: प्लग काढून, वायर सोडवून मल्टीमीटरने मोजायचा. दीडशे वॅटचा असेल तर साडेतीनशे ओहमच्या आसपास दाखवेल. काहीच दाखवलं नाही तर तुटलाय.

बायमेटल: इथे निम्मी मंडळी फसतात. बाहेर काढून मीटर लावतात, 'ओपन आहे', म्हणजे आतून जोडलेला नाही, म्हणतात आणि फेकून देतात. अहो, साध्या तापमानाला तो ओपनच असणार! शून्याच्या बऱ्याच खाली गेला की तो जोडतो आणि कॉइल आठ-दहा अंशांवर आली की तोडतो. म्हणून ग्लासात बर्फाचा चुरा आणि मूठभर जाडं मीठ घालायचं, बायमेटल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यात दहा मिनिटं बुडवायचा आणि मग मोजायचा. नुसत्या बर्फाने भागत नाही, मीठ हवंच. तरीही ओपन दाखवला तर गेला.

आणि एक काळजी. काही जण बायमेटल नाहीतर फ्यूज काढून वायरी डायरेक्ट पिळतात. 'ताई, चालू झाला बघा' म्हणतात. चालू होतो खरा, पण मग कॉइल तापल्यावर हीटर तोडणारं कोणी उरत नाही. आतलं प्लॅस्टिक वितळतं, आग लागू शकते. तसं करू देऊ नका, फुकट करून दिलं तरी नको.

शंकासुर | १५ मे, दुपारी १:४०

मीठ-बर्फाची युक्ती भारी. कुल्फीच्या मडक्याचं शास्त्र इथे कामाला आलं. वाचनखूण साठवली.

काका, नव्या मॉडेलमध्ये टायमर नसतो ना? तिथे सेन्सर आणि कार्ड ठरवतं, कधी वितळवायचं ते. सेन्सरचा ओहम तापमानाबरोबर बदलतो, आणि तो चुकीचा वाचायला लागला की कार्ड हीटर लावतच नाही. लक्षणं मात्र हुबेहूब हीच.

टेस्टलॅम्प | १५ मे, दुपारी २:०५

अनुमोदन. तिथे आधी सेन्सर मोजायचा, मग कार्डाकडे जायचं. मुलगा सांगतो, कार्ड बदलून पाहण्याची सवय फार वाढलीय, आणि कार्ड महाग.

भरलं_वांगं | २४ मे, रात्री ८:३०

अपडेट. मधले आठ दिवस फ्रीज झकास चालला. बुधवारी पुन्हा बाटल्या कमी गार वाटायला लागल्या, काका म्हणाले तस्संच. म्हणजे गॅस नाही हे नक्की.

या वेळी दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं, ओळखीतून. मी आधीच सांगितलं, टायमर फिरवून दाखवा. त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पण दाखवलं. टक् झालं, कॉम्प्रेसर थांबला, चर्र काही आलं नाही. हीटर ३४० दाखवत होता. बायमेटल मिठाच्या बर्फात बुडवायला भाचा ग्लास घेऊन तयारच. दहा मिनिटांनी मीटर गप्प. बायमेटल आणि फ्यूज जोडूनच येतो, तो बदलला. पार्ट आणि मजुरी मिळून साडेसातशे. बत्तीसशेच्या जागी.

बदलल्यावर पुन्हा टायमर फिरवला, आणि मग ऐकू आलं ते चर्र. सासूबाईंनासुद्धा बोलावून ऐकवलं.

टेस्टलॅम्प | २४ मे, रात्री ९:००

छान. आता नॉब सातवरून चारवर आणा. सातवर ठेवल्याने लवकर गार होत नाही, फक्त कॉम्प्रेसर थांबत नाही. मधल्या कप्प्यात ग्लासभर पाण्यात थर्मामीटर रात्रभर ठेवा. तीन ते पाच अंश दिसले की जमलं.

फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. आतली पट्टी बघा, त्यावर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. टी असेल तर ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलाय, एसटी असेल तर ३८. अकोल्यात पश्चिमेच्या भिंतीला, ओट्याला खेटून ठेवलात तर टी वालाही धापा टाकणार.

मागच्या ट्रेमधलं पाणी आठवड्याला टाका. पावसाळ्यात डासांच्या अळ्या तिथे होतात, महापालिकेची माणसं डेंग्यूच्या दिवसांत फ्रीजचा ट्रे उगीच नाही तपासत.

समुद्रकिनारा | २५ मे, सकाळी १०:१५

आता माझी पाळी. सिंगल डोअर, डायरेक्ट कूल, म्हणजे पंखा नसलेला. आधीच्या भाडेकरूंनी फ्रीजरमधली मासळी सुटी करायला कालथा वापरला होता म्हणे. फुस्स असा आवाज आला आणि तेव्हापासून थंडी नाही. इथल्या मेकॅनिकने एपॉक्सी लावून गॅस भरला, महिनाभर चालला, पुन्हा तेच. पुन्हा भरू म्हणतोय. कॉम्प्रेसरवर पिवळा त्रिकोण आहे, आत ज्वाळेचं चित्र.

टेस्टलॅम्प | २५ मे, सकाळी ११:३०

तुमचा मात्र खरोखरच गॅस गेलाय. ज्वाळेचं चित्र म्हणजे आर-६००ए, आयसोब्युटेन. स्वयंपाकाच्या गॅसच्याच घराण्यातला, पण त्याला वास घातलेला नसतो, त्यामुळे गळला तरी नाकाला कळत नाही. घाबरू नका, अख्ख्या फ्रीजमध्ये तो पन्नास ग्रॅमच्या आसपासच असतो. मात्र देवघरातल्या पेटत्या दिव्याशेजारी किंवा बंद खोलीत काम करू देऊ नका. खिडक्या उघडा, शेगडी बंद.

महिनाभरात पुन्हा का गेला, ते सांगतो. आयसोब्युटेन उणे बारा अंशांच्या आसपास उकळतो. फ्रीजर त्याहून गार असतो, म्हणजे चालू असताना कॉइलमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो. भोक तिथे असेल तर नुसता गॅस बाहेर जात नाही, हवा आणि ओल आत ओढली जाते. तुमच्या रत्नागिरीची हवा तर विचारूच नका. ती ओल कॅपिलरीच्या तोंडाशी गोठते आणि वाट बुजवते. म्हणून वरून गॅस टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

काम करायचं तर कॉइलचं पॅनल बदलावं लागेल. पॅनल मिळत नसेल किंवा फ्रीज फार जुना असेल तर एवढं करू नका, इथे मी चहाबाजांच्या बाजूने. करणार असाल तर फिल्टर ड्रायर (नळीतली ओल शोषणारी डबी) नवा, पंपाने व्हॅक्यूम किमान अर्धा तास, आणि गॅस वजनकाट्यावर मोजून, प्लेटवर लिहिलाय तेवढाच. पन्नास ग्रॅममध्ये पाच-दहा इकडेतिकडे झाले तरी फ्रीज नीट चालत नाही, अंदाजपंचे भरणारा माणूस नको. आर-६००ए च्या कॉम्प्रेसरमध्ये आर-१३४ए हा दुसऱ्याच जातीचा गॅस भरतो म्हणाला तर त्याला चहा पाजून निरोप द्या.

समुद्रकिनारा | २५ मे, दुपारी १२:०५

त्याच्याकडे वजनकाटा नव्हता. पंपही नव्हता, 'फ्रीजचाच कॉम्प्रेसर हवा ओढतो' म्हणाला होता.

टेस्टलॅम्प | २५ मे, दुपारी १२:२०

तर मग दुसरा शोधा. आणि नवा आला की गॅस भरण्याआधी नायट्रोजनचा दाब देऊन प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावायला सांगा, तुमच्यासमोर. जिथे बुडबुडा येईल तिथे भोक. दाब तासभर काट्यावर हलला नाही, तरच सिलिंडर उघडू द्या.